लेबलरावांच्या सात सीड्या

"सीडीवर पेनानं लिहायचं नाही!" असं फर्मान काढून लेबलरावांनी बायकोच्या हातातलं मार्कर पेन काढून घेतलं.

"मग कशानं लिहू? खडूनं?"

"लिहायचंच नाही. छापायचं."

इथं खरं तर बायकोनं विषय बदलायला हवा होता. पस्तीस वर्षांच्या संसारात तिला एवढं नक्की कळलं होतं की, नवरा असा तुटक बोलायला लागला की घरात काहीतरी नवीन येतं आणि जुनं काहीतरी मोडतं. पण गॅसवर दूध होतं. ती "बरं" म्हणाली आणि आत गेली. त्या एका "बरं"वर पुढचं सगळं रामायण घडलं.

लेबलराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. एकतीस वर्षं ते एका कचेरीत रेकॉर्डकीपर होते आणि हे नाव कचेरीनं त्यांना बहाल केलं होतं. त्यांच्या कपाटांची ख्याती अशी की, साहेब तपासणीला आले की फाईल उघडतच नसत, नुसतं कपाट उघडत. आतली ती एका रेषेत बसवलेली, एकाच अक्षरातली, एकाच उंचीवरची लेबलं बघून "वा!" म्हणत आणि चहा घेऊन निघून जात. निवृत्त झाल्यावर कचेरी सुटली, सवय कुठली सुटायला? घरात मिठाच्या बरणीवर 'मीठ' होतं, ते ठीक. पण फ्रीजवर 'फ्रीज' होतं. शिवणाच्या डब्यावर 'शिवण (किरकोळ)' होतं. दारावरच्या बेलखाली 'एकदाच दाबणे' होतं. एकदा दुपारच्या झोपेतून उठल्यावर बायकोनं आधी आरशात जाऊन स्वतःचं कपाळ तपासलं होतं, असं ती स्वतःच सांगते.

तर ह्या वेळचा प्रश्न होता सात सीड्यांचा. माळ्यावर जुन्या व्हिडिओ टेपांचं एक खोकं होतं. टेपा खराब होत चालल्या होत्या, म्हणून लेबलरावांनी त्या स्टुडिओवाल्याकडून सीड्यांवर उतरवून आणल्या होत्या. त्यातल्या सहा काही विशेष नव्हत्या. एक समुद्रावरची सहल, एक कचेरीचं स्नेहसंमेलन, असलंच काहीबाही. पण सातवी होती ती लेकीच्या पहिल्या वाढदिवसाची, आणि तिच्यात सासूबाई, म्हणजे बायकोची आई, होत्या. नुसत्या दिसत नव्हत्या, बोलत होत्या. सासूबाईंना जाऊन वीस वर्षं झाली होती. फोटो पुष्कळ होते, आवाज मात्र अख्ख्या खानदानात त्या एका टेपेवर होता. आणि टेप उतरवून झाल्याबरोबर मशीनमध्येच तुटली होती.

"नशीब समजा काका," स्टुडिओवाला म्हणाला होता, "सीडी झाली आणि मगच तुटली. आता जे काय आहे ते ह्या एका सीडीत. जपा."

ही सीडी कुणी अजून बघितलीही नव्हती. बायकोनं ठरवलं होतं की, ताईच्या पंचाहत्तरीला दोघी बहिणींनी शेजारी बसूनच ती बघायची. ताई म्हणजे बायकोची थोरली बहीण. त्या टेपेत आई काय बोलते, ह्यावरून दोघींची गेली कित्येक वर्षं फोनवर जुंपत आली होती. ताई म्हणे, आई त्यात गाते. बायको म्हणे, गात नाही, नातीला आशीर्वाद देते. पंचाहत्तरीला पंधरा दिवस होते. समारंभ लेबलरावांच्याच घरी होता आणि पाच घरच्या पाहुण्यांना सातही सीड्यांचा एकेक संच भेट द्यायचा, असा बेत होता.

"बाबा, आधी आजीच्या सीडीची एक कॉपी काढून ठेवते ना," लेक म्हणाली. "कॉम्प्युटरवर दहा मिनिटांचं काम आहे."

"बिननावाच्या सीडीची कॉपी काढली तर बिननावाच्या दोन होतील," लेबलराव म्हणाले. "घोळ दुप्पट. आधी नाव, मग बाकीचं."

आता पेनानं नाव घालायला काय हरकत होती? हरकत होती साडूंची. ताईंचे यजमान, म्हणजे लेबलरावांचे साडू, हा एक वेगळाच इसम होता. मुलाच्या लग्नानंतर त्यांनी सगळ्यांना सीड्या वाटल्या होत्या आणि त्यावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, 'लग्न २, बहुतेक'. त्या 'बहुतेक'वरून लेबलरावांनी साडूंना वर्षभर सळो की पळो करून सोडलं होतं. भेटले की, "काय साडूबुवा, बरे आहात ना? बहुतेक?" तेव्हा आता पेनानं लिहिणं म्हणजे आपल्या हातानं आपलं नाक कापून साडूंच्या हातात देणं होतं.

लेबलरावांनी फुलस्केप कागदावर तीन रकाने आखले. सीडीवर छापण्याचे तीन प्रकार असतात, असं त्यांना चौकशीअंती कळलं होतं.

पहिला प्रकार गोल स्टिकरचा. तो घरातल्याच प्रिंटरवर छापता येत होता. लेबलरावांनी सहलीच्या सीडीसाठी निळ्या लाटांचं सुंदर स्टिकर छापलं, श्वास रोखून चिकटवलं आणि सीडी प्लेअरमध्ये घातली. स्टिकर केसभर डावीकडे सरकलं होतं. प्लेअरनं आधी घुर्र केलं, मग टेबलासकट थरथरायला लागला, आणि नंतर सीडी पोटात ठेवून जो गप्प बसला तो बसलाच.

"अहो, तिच्यात आई तर नव्हती ना?" बायको आतून पळत आली.

"सहल आहे, सहल!"

दुरुस्तीवाल्यानं प्लेअर उघडून सीडी ओढून काढली. स्टिकरच्या लाटांची आत गुंडाळी झाली होती. ती चिमटीत धरून तो म्हणाला, "काका, आतमध्ये ही मिनिटाला हजारो फेऱ्या मारते. हिला कपडे घालू नका. उघडीच बरी."

पहिल्या रकान्यावर फुली पडली.

दुसरा प्रकार दुकानात होता. चपलेच्या खोक्याएवढं मशीन, सीडीवर थेट दोन ओळी छापणारं. विक्रीवरची मुलगी उत्साही होती. "काय नाव छापू काका? करून दाखवते."

लेबलरावांनी घरून लिहूनच आणलं होतं. "ती. स्व. मातोश्रींच्या उपस्थितीत संपन्न झालेला नातीचा प्रथम वाढदिवस समारंभ."

मुलीनं तो मजकूर मशीनला दिला. मशीननं बराच विचार केला आणि दुकानातल्या नमुन्याच्या सीडीवर चौकोन छापले. एकाला एक लागून चव्वेचाळीस रिकामे चौकोन.

"ह्याला मराठी येत नाही वाटतं," मुलगी ओशाळून म्हणाली. "इंग्रजीत चालेल?"

"मला चालेल," लेबलराव म्हणाले. "सासूबाईंना नसतं चाललं."

राहिला तिसरा. हा शाईचा मोठा प्रिंटर होता. पुढून एक पातळ ट्रे बाहेर यायचा, त्यात सीडी ठेवायची, की प्रिंटर ती आत ओढून तिच्या अंगावर हवं ते, हव्या त्या रंगात, फोटोसकट छापून बाहेर द्यायचा. लेबलराव त्याच्याकडे बघतच राहिले. पण ते एकदम हुरळून जाणाऱ्यांपैकी नव्हते. चार दिवसांत त्यांनी चार फेऱ्या मारल्या. शाई किती टिकते, आवाज किती करतो, वीज गेली तर काय करतो, आधी कुणाच्या घरी दिलाय, ते लोक सुखी आहेत का.

चौथ्या फेरीला मुलीनं हात टेकले. "काका, तुम्ही प्रिंटर घेताय की जावई करून घेताय?"

"जावई एकवेळ परत करता येत नाही म्हणून चालवून घेतात," लेबलराव म्हणाले, आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन मुकाट्यानं प्रिंटर बांधून मागितला.

घरी आल्यावर पहिला प्रयोग पुन्हा त्याच सहलीच्या सीडीवर झाला. तिची तशीही शोभा झालेलीच होती. सीडी बाहेर आली ती देखणी. लेबलरावांनी ती कौतुकानं उचलली, अंगठ्याला निळा समुद्र लागला. शर्टाला पुसली, शर्टाला लागला. सोफ्यावर ठेवली, तर सोफ्यालाही सहल घडली. मग त्यांनी सीडी पुसून पुन्हा चंदेरी केली आणि प्रिंटरचं माहितीपुस्तक उघडलं. पहिल्याच पानावर जाड अक्षरात लिहिलं होतं की, चंदेरी सीडीवर शाई वाळत नाही. त्यासाठी पांढऱ्या तोंडाच्या खास कोऱ्या सीड्या मिळतात, त्याच वापराव्यात.

"म्हणजे सगळं पांढऱ्या सीड्यांवर उतरवायला लागणार," लेक म्हणाली. "आणा तुम्ही. मी चार दिवस कामासाठी बाहेरगावी चाललेय. आल्यावर बसते."

लेबलरावांनी पांढऱ्या सीड्या आणल्या. पाच घरं, सात विषय, पस्तीस सीड्या. लेक चार दिवस नव्हती. आता पस्तीस कोऱ्या सीड्या समोर, नवा प्रिंटर शेजारी, आणि लेबलराव हातावर हात धरून बसणार, हे शक्य होतं का? त्यांनी वही आखली. अनुक्रमांक, विषय, लेबल, वेष्टन, शेरा. आणि छापायला बसले.

ते चार दिवस त्यांच्या आयुष्यातले सोन्याचे दिवस होते. स्नेहसंमेलनाच्या सीडीवर त्यांनी कचेरीची इमारत छापली. वाढदिवसाच्या सीडीवर मधोमध सासूबाईंचा फोटो आणि भोवती गोलाकार नाव. फोटो असा बसवला की सीडीचं भोक बरोबर सासूबाईंच्या खांद्यापलीकडे यावं. त्या एका भोकासाठी एक अख्खी सकाळ गेली, पण सासूबाईंच्या अंगाला धक्का लागला नाही. सीडी वाळली की पाकिटात, पाकीट खोक्यात, आणि वहीत बरोबरची खूण. चौथ्या दिवशी वहीतले सगळे रकाने भरले. रकाने भरले म्हणजे काम संपलं. एकतीस वर्षांत ह्याला कधी अपवाद झाला नव्हता. सीडीत काही भरायचंही असतं, असा रकाना त्या वहीत नव्हता.

टेबलावर आता जुन्या सात चंदेरी सीड्या तेवढ्या उरल्या. नाव नाही, गाव नाही. लेबलरावांच्या हिशेबी बिनलेबलाची वस्तू म्हणजे रद्दी. त्याच दिवशी वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई जिन्यात भेटल्या.

"काका, कबुतरांनी जीव नकोसा केलाय हो. जुन्या सीड्या गॅलरीत टांगल्या की चमकून घाबरतात म्हणे. आहेत का तुमच्याकडे?"

"आहेत की! सात आहेत," लेबलराव उदारपणे म्हणाले.

लेक परत आली तर खोकी फितीनं बांधून तयार. तिनं एक पाकीट उघडून बघितलं, आजीचा फोटो बघितला आणि बाबांनी सगळं स्टुडिओवाल्याकडून उतरवून आणलं असणार असं धरून चालली. तिची तरी काय चूक? शहाणा माणूस रिकाम्या बाटलीवर 'औषध' लिहीत नाही.

पंचाहत्तरीचा दिवस उजाडला. दहा वाजेपर्यंत पाच घरची माणसं जमली. ताई नव्या साडीत मधल्या खुर्चीवर बसल्या. लेबलरावांनी स्वतःच्या हातानं पाच खोकी वाटली. साडूंनी खोकं उघडलं, चष्मा वर केला, खाली केला, सीडी उजेडात धरली.

"अहो, ही तर दुकानातली वाटते!"

लेबलरावांना आकाश ठेंगणं झालं. "बहुतेक," ते विनयानं म्हणाले.

साडू हसले, आणि मोकळेपणानं हसले. "जिंकलात राव. मानलं तुम्हाला." ताई सीडीवरच्या आईच्या फोटोवरून हळूच बोट फिरवत होत्या. "लावा हो भाऊजी," त्या म्हणाल्या. "आता धीर धरवत नाही."

सीडी प्लेअरमध्ये गेली. सगळे टीव्हीपुढे सरकले. टीव्हीवर निळा पडदा आला आणि निळाच राहिला.

"प्लेअर बिघडलाय," लेबलराव म्हणाले. "त्या स्टिकरपासून जरा नाजूक झालाय तो." दुसऱ्या संचातली लावली. निळा. स्नेहसंमेलन लावलं. निळं. लेकीनं लॅपटॉप आणला, सीडी आत घातली आणि तिचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"बाबा, ही कोरी आहे."

"कोरी कशी असेल? लेबल आहे ना तिच्यावर!"

"लेबलच आहे बाबा. आत काही नाही. तुम्ही भरून नव्हत्या आणल्या?"

"भरायचं तुझ्याकडे होतं!"

"मला वाटलं..." लेक म्हणाली आणि थांबली. साडूंनासुद्धा विनोद सुचेना, ह्यावरून प्रसंगाची कल्पना यावी.

"जुन्या कुठायत?" बायकोनं विचारलं. तिचा आवाज अगदी शांत होता आणि लेबलरावांना त्या शांतपणाचीच धास्ती होती. त्यांनी सवयीनं वही उघडली आणि शेऱ्याचा रकाना वाचला. "क्रमांक एक ते सात, जुन्या. विनालेबल. निर्लेखित. वरच्या मजल्यावर वर्ग."

"मराठीत सांगा!"

"कबुतरांना दिल्या."

ताईंनी डोळे मिटून घेतले. "चेहरा फोटोत आहे हो," त्या कुणालाच उद्देशून नव्हे अशा म्हणाल्या. "आवाज मला आताशा आठवतच नाही. रोज आठवून बघते. नाही येत."

हे ऐकून लेबलराव चप्पल न घालता जिन्याकडे धावले. त्यांच्यामागे साडू, साडूंच्यामागे लेक. डॉक्टरीणबाईंनी दार उघडलं आणि आनंदानं गॅलरी दाखवली. "या ना! बघा, किती छान दिसतंय."

गॅलरीत सात नव्हे, पस्तीस-चाळीस सीड्या दोऱ्यांना लटकून गरगर फिरत होत्या. सगळ्या चंदेरी, सगळ्या मुक्या. मधल्या दोरीवर एक जाडसर कबुतर आरामात बसलं होतं आणि फिरत्या सीडीत आपलं तोंड बघत होतं.

"एवढ्या कशा?" लेबलराव दोऱ्या मोजायला लागले.

"माझ्या दवाखान्यातल्या जुन्या एक्स-रेच्या सीड्याही टांगल्या ना! तरी ही जात नाहीत मेली."

"ह्यातल्या आमच्या कुठल्या?"

"आता ते कसं ओळखणार काका? एकीवरही काही नाव नाही." डॉक्टरीणबाई हे अगदी निरागसपणे म्हणाल्या होत्या. साडूंनी तेवढ्यात तोंड फिरवून खोकल्यासारखं केलं.

सगळ्या दोऱ्या सोडायच्या ठरल्या. सोडता सोडता एक सीडी लेबलरावांच्या हातून निसटली, उन्हात दोनदा लखलखली आणि तीन मजले खाली बागेत जाऊन पडली. हीच ती, असं लेबलरावांना त्या क्षणी खात्रीनं वाटलं. ते तीन जिने उतरले, झुडपात शिरले, कोपरं खरचटून घेतली आणि सीडी छातीशी धरून धापा टाकत परत आले. ती लावली. पडद्यावर एक मोठी, किडलेली अक्कलदाढ आली.

मग रांगेनं काम सुरू झालं. कबुतरांनी सीड्यांवर आपापला अभिप्राय नोंदवून ठेवलाच होता, त्यामुळे त्या धुवायला लागत होत्या. साडू मोरीशी बसून साबणाच्या पाण्यानं धूत होते, लेक मऊ फडक्यानं टिपत होती आणि लेबलराव लॅपटॉपपुढे बसून एकेक लावत होते. दाढ. दाढ. सुळा. कचेरीचं स्नेहसंमेलन. "सापडली?" "नाही, आमचे साहेब आहेत." दाढ. सहल. कवळी. पाहुण्यांनी निम्म्या निम्म्यांनी जेवून घेतलं. साडूही मध्येच उठून जेवून आले आणि पुन्हा मोरीशी बसले. दोनदा बायकोनं लेबलरावांचं ताट वाढून आणलं आणि दोनदा, "ठेव तिथं, ही एवढी बघतो," असं ऐकून आत नेलं. तिसऱ्यांदा काही ती आली नाही. तिचं लक्ष ताईंकडे होतं. ताई एका जागी बसून होत्या आणि प्रत्येक नव्या सीडीला मान वर करून बघत होत्या.

दुपार कलली. बादलीत एकच सीडी उरली. ती त्या जाडसर कबुतराच्या बरोबर खाली टांगलेली होती आणि तिला हात लावायची कुणाचीच छाती झाली नव्हती. साडूंनी तिच्याकडे बघितलं, मग लेबलरावांकडे बघितलं.

"हिचं मीच बघतो," लेबलराव उठले. त्यांनी ती नळाखाली धरली, नखानं न खरवडता बोटाच्या पेरानं हळूहळू साफ केली, स्वतःच्या धुतलेल्या बनियननं टिपली आणि प्लेअरमध्येच घातली. बघायची तर मोठ्या पडद्यावर, नाहीतर नाही.

पडदा आधी निळा राहिला. मग त्यावर पांढऱ्या रेघा आल्या, मग एक खोली, फुगे, आणि कुणाच्या तरी कडेवर रडणारी वर्षाची पोर. कॅमेरा हेलपाटत स्वयंपाकघराच्या दाराशी गेला. तिथं सासूबाई पाठमोऱ्या उभ्या होत्या आणि शेजारणीला काहीतरी सांगत होत्या. कॅमेऱ्याचा त्यांना पत्ता नव्हता. आवाज मात्र असा खणखणीत की लेबलराव तीस वर्षांनीही ताठ उभे राहिले.

"काय सांगू बाई! सकाळपासून बाहेरच्या खोलीची किल्ली शोधतायत धाकटे जावई. किल्ली पाकिटात घातली. पाकिटावर 'किल्ली' असं सुरेख अक्षरात लिहिलं. आणि पाकीट कुठं ठेवलं ते आठवत नाही! आता काय करायचं त्या अक्षराचं? मोठे जावई कसे, कोंबतात वस्तू खिशात, गबाळे दिसतात, पण वेळेला सापडते तरी!"

"ऐकलंत?" साडू जागच्या जागी उभे राहिले. "ऐकलंत सगळ्यांनी?"

"श्शू!" ताई ओरडल्या.

सासूबाई पदर खोचत होत्या. "धाकट्यांवर काही सोपवायची सोय नाही बघ. पण एक सांगते हो. हरवतात ते हरवतात, पण सापडेपर्यंत घास घालत नाहीत तोंडात. आत्तापर्यंत तीनदा ताट वाढून आत नेलंय मी. असा माणूस शोधून मिळायचा नाही आमच्या धाकटीला." मग त्या वळल्या. कॅमेरा दिसल्याबरोबर त्यांनी हात उगारला. "अगं बाई, हे चालू आहे? बंद कर ते मेलं!"

आणि पडदा काळा झाला.

"गात नव्हती ग," ताई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या.

"आशीर्वादही नव्हता," बायको म्हणाली. तीही रडत होती.

"'मेलं' म्हणाली ना! अगदी अस्संच म्हणायची. अस्संच! मी विसरले होते ते 'मेलं'. परत लावा भाऊजी."

परत लावलं. मग साडूंच्या आग्रहास्तव नुसतं मोठ्या जावयांचं तेवढं दोनदा लावलं. पाचव्या वेळी सासूबाई "तीनदा ताट वाढून" म्हणाल्या आणि बायको एकदम मागं वळली.

"अहो, तुम्ही जेवलात?"

लेबलराव रिमोटकडे बघायला लागले. "होईल की आता. घाई काय आहे."

"सकाळपासून नाही जेवले?" ताईंनी विचारलं. साडूंनी मान खाली घालून ओल्या बाह्या सारख्या केल्या. ताई पंचाहत्तर वर्षांच्या गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. बायको पुढं झाली, तर तिला त्यांनी खांदा दाबून खाली बसवलं.

"तू बस. आई असती तर तिनं वाढलं असतं. आज मी वाढते. चला भाऊजी, हात धुऊन घ्या."

लेबलराव ताटावर बसले. एवढी भूक लागली होती हे त्यांना पहिल्या घासाला कळलं. ताई शेजारी बसून वाढत होत्या, बाहेर साडू पुन्हा पहिल्यापासून लावा म्हणून ओरडत होते, आणि लेक लॅपटॉपवर भराभर आजीच्या कॉप्या काढत होती. ह्या वेळी लेबलरावांच्या त्या सुंदर सीड्यांमध्ये खरोखरच काहीतरी भरलं जात होतं. चौथ्या घासाला त्यांच्या मनाला जरा उभारी आली. टीव्हीवर आता कॉपीच चालली होती आणि मूळ चंदेरी सीडी अजून तशीच बिननावाची टेबलावर पडली होती, हे त्यांना तिथून दिसत होतं.

"ताई, मी काय म्हणतो," ते तोंडातला घास गिळून म्हणाले, "त्या मूळ सीडीवर एक अगदी छोटंसं, दोन शब्दांचं लेबल जर..."

"अगं बाई, हे चालू आहे?" बाहेरच्या खोलीतून सासूबाई कडाडल्या. "बंद कर ते मेलं!"

लेबलरावांनी तोंड बंद केलं आणि मुकाट्यानं पुढचा घास घेतला.